तुम्ही मिशी काढलीत तेव्हा

गुरुजी, मागच्या आठवड्यात माझी भाची शिकवते त्या शाळेत गेले होते. तिच्या वर्गात फळ्याच्या जागी मोठा पडदा आहे, आणि ती बोलते ते शब्द खाली आपोआप उमटत जातात. मी मागच्या बाकावर बसून तासभर नुसते ते शब्द वाचत होते. तुम्ही असतात तर आधी पडद्यामागं जाऊन वायरी पाहिल्या असत्या, आणि मग विचारलं असतं, "हे कोनाकोनाच्या कामी पडते?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण नवीन काही दिसलं की ते तुम्हाला दाखवावंसं वाटतं. शिवाय मला तुम्हाला काही विचारायचंही आहे.

संग्रामपूरकडच्या आपल्या शाळेत वीज नव्हती, तरी चित्रं दाखवायचं यंत्र होतं. यंत्र म्हणजे तुम्हीच केलेला पत्र्याचा डबा, त्यात भिंग, आणि बाहेर ओट्यावर आरसा. आरशावरचं ऊन डब्यात शिरायचं आणि काचेच्या तुकड्यावर तुम्ही रंगवलेलं चित्र चुन्याच्या भिंतीवर मोठं होऊन पडायचं. काचा तुम्ही नांदुऱ्याच्या तसबिरीवाल्याकडून मागून आणायचात. ऊन सरकलं की चित्रही सरके, मग आरशापाशी ज्याची पाळी असेल त्याच्यावर तुम्ही ओरडायचात, "अबे, पूर्णा नदी आढ्यावर चढून राह्यली! वाकव आरसा!" वर्ग हसून लोटपोट. ज्यांना पुस्तकातली एक ओळ धड वाचता येत नव्हती, ती पोरं भिंतीकडं पाहून नद्या, डोंगर, पिकं घडाघडा सांगायला लागली. तेव्हा तुम्ही इतके खूश व्हायचात, की चष्मा पुसत उगाच दोन फेऱ्या मारायचात.

मला मात्र त्या डब्याची धास्ती होती. लहानपणी कान वाहून वाहून माझं ऐकणं जवळजवळ गेलं होतं, आणि हे आईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तोंडाकडं पाहून शब्द ओळखायची. पाठीमागून हाक मारली तर वळायची नाही, म्हणून बाबांना मी नुसती हट्टी वाटायची, आणि ते मला सोयीचंच होतं. बहिरी आहे म्हणून कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मी मळ्यात वांगी तोडताना दिसले असते. शाळा सुटली असती, कायमची. तुम्ही चित्रासाठी खिडक्यांवर तरटं सोडलीत की अंधारात तुमचं तोंड दिसेनासं व्हायचं, आणि मला काही म्हणता काही कळायचं नाही.

मग तो दिवस. तरट बाजूला होतं, डोळे दिपतात, आणि पाहते तर सगळा वर्ग उभा आहे आणि मी एकटी बसलेली. अंधारात तुम्ही उभं राहायला सांगितलं होतंत. ते मुद्दाम केलंत का, गुरुजी? तुम्हाला आधी शंका आली होती, की त्या क्षणीच कळलं? शाळा सुटल्यावर तुम्ही मला ओट्यावर बसवलंत, समोर उकिडवे बसलात आणि सावकाश म्हणालात, "तुले ऐकू येत नाही ना, माय?" मी रडत तुमचे पाय धरले. "बाबाले सांगू नका, गुरुजी. मले घरी बसवतीन." तुम्ही म्हणालात, "नाही सांगत. मी कोनालेच सांगत नाही."

दुसऱ्या दिवसापासून एका खिडकीचं तरट अर्धं उघडं राहू लागलं, आणि तुम्ही नेमके त्या उजेडात उभे राहून बोलू लागलात. पोरं कुरकुरली, "गुरुजी, चित्र फिकं पडून राह्यलं." तुम्ही म्हणालात, "पडू द्या. डोळे ताणा जरा." आणि मग एकदा तुम्ही मला विचारलंत, पूर्णा कोणत्या नदीला मिळते? मी गप्प. तुम्ही पुन्हा विचारलंत, पुन्हा विचारलंत. मग जवळ येऊन, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणालात, "मिशीनं ओठ झाकतेत का?" मी मान हलवली.

सोमवारी तुम्ही बिनमिशीचे आलात. बाप जिवंत असताना आपल्याकडं मिशी कोण काढतो? टोपीखाली केस शाबूत आहेत का, हे कुणी पाहिलं नाही. गावानं ठरवूनच टाकलं की मेहकरचे तुमचे वडील गेले. लोक भेटायला यायचे, तुम्ही "बरे आहेत हो ते" म्हणायचात, आणि लोकांना वाटायचं दुःखानं गुरुजींचं भान हरपलं. कुणीतरी तुमच्या मेहकरच्या घरी सांत्वनाचं कार्डही टाकलं. ते कार्ड मुठीत धरून, दोन एसट्या बदलून, खुद्द तुमचे वडील आले. त्यांनी रस्ता विचारला तो नेमका माझ्या बाबांना, आणि बाबाच त्यांना वर्गाच्या दारापर्यंत घेऊन आले.

म्हातारबुवा दारातूनच कडाडले, "अबे, मी जिता हाओ ना! मंग मिशी कायले उतरवली? बापाले मारून टाकलं गावानं, लाज नाही वाटत?" तुम्ही खाली पाहत उभे. बाबाही म्हणाले, "हो गुरुजी, काऊन काढली म्हंतो मी?" एक वाक्य बोलला असतात तर तुमची सुटका होती, आणि माझी शाळा तिथंच संपली असती. तुम्ही म्हणालात, "लहर आली, काढली." पोरांसमोर, गावासमोर बापाच्या शिव्या खाल्ल्यात आणि दुसरा शब्द काढला नाहीत. मी सातवी झाले, मॅट्रिक झाले, तहसील कचेरीत टंकलेखनावर माझं सगळं आयुष्य निघालं, ते त्या तीन शब्दांवर. तुमची मला इतकी आठवण येते, गुरुजी, की कधी कधी रागच येतो तुमचा, इतक्या लवकर गेलात म्हणून.

आता खरं सांगते. तुमच्या वडिलांची मिशी तुमच्या दुप्पट होती, गालांपर्यंत गेलेली. त्यांचा शब्द न शब्द मला कळला, म्हणून तर वर लिहू शकले. त्यांचं बोलून झाल्यावर तुम्ही एकदा माझ्याकडं पाहिलंत. तेव्हा तुमच्या लक्षात आलं होतं का? हे पत्र टाकायला पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण तुमचं उत्तर काय येईल याची अजून भीती वाटते. पूर्णेचा तो प्रश्न मला पहिल्याच वेळी कळला होता, गुरुजी. मी अभ्यास केला नव्हता.