केसांचं नंतर सांगते

४ मार्च

ती. आईस,

थोरलीचा नमस्कार. धाकटीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार, आणि भाचीचा एक गालगुच्चा घे, पण हळू.

मी वेळेवर जेवते, झोपते, गोळ्या घेते. तुझे तीन प्रश्न संपले. आता मला बोलू दे. फोनवर ते जमत नाही, कारण मध्येच बाळ रडतं, नाहीतर तू रडतेस. म्हणून हे पत्र. एका बोटानं टाइप करून खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलंय, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची सोय नाही.

बातमी अशी की कंपनी घरून फोन घेणं बंद करतेय. येत्या एक तारखेपासून लिफ्टच्या तक्रारींचे सगळे फोन ऑफिसातच बसून घ्यायचे. साहेब म्हणाले, "तुमच्यासारखा आवाज दुसऱ्या कुणाचा नाही, अडकलेली माणसं तुमच्याशी बोलून शांत होतात, पण आमचाही नाइलाज आहे." सकाळी साडेआठला कंपनीची गाडी दाराशी येईल. तिच्यात चाकांची खुर्ची चढते. मात्र गाडी कुणासाठी थांबत नाही. मी विचारलं, आपल्याच ऑफिसातली लिफ्ट बंद पडली तर मी काय करायचं? म्हणाले, तक्रार नोंदवा.

तू आता काय म्हणशील ते मला तोंडपाठ आहे. "सोड ती नोकरी, इकडे ये, दोघी इथेच राहू." धाकटीचं घर मोठं आहे, तिचं मन त्याहून मोठं आहे, सगळं मान्य. पण आई, ही नोकरी मला कुणी दया म्हणून दिलेली नाही. अंधाऱ्या लिफ्टमध्ये घामाघूम झालेल्या माणसाला मी कशी दिसते, कशी चालते, काही माहीत नसतं. त्याला फक्त मी हवी असते. हे मला सोडायचं नाहीये.

एजन्सीची कुठलीच बाई सकाळी साडेनऊच्या आत यायला तयार नाही. म्हणजे आवरायचं मलाच. तर माझा शब्द घे. एक तारखेला मला माझं माझं आवरून त्या गाडीत बसता आलं नाही, तर राजीनामा देऊन तिकडे येईन आणि कुरकुर करणार नाही. बरं, थोडी करीन. पण तोवर तू तिथून हलायचं नाहीस.

तू लावून गेलेल्या मावशींना मी सोडलं. ओरडू नकोस. प्रेमळ होत्या, पण मी हातात घेतलेला चमचा काढून घेऊन मलाच भरवायच्या. समोरच्या वहिनींनी चहा आणला तर माझ्यादेखत त्यांना विचारतात, "हिला साखर चालते का हो?" मी म्हटलं, "हिला दोन चमचे चालतात, आणि हिला बोलताही येतं."

मग एका केंद्रात गेले. बाहेर पाटी होती, 'स्वावलंबनाचे शिक्षण'. आत मला रंगवायला सफरचंद दिलं. कागदावरचं. मी मुकाट्यानं ते निळं रंगवलं. शिकवणारी म्हणाली, "नीट बघा बरं, सफरचंद कसं असतं?" छत्तिसाव्या वर्षी ही परीक्षा! मी खुर्ची वळवली ती थेट घरी.

शेवटी आमच्या लिफ्टच्या मेकॅनिकनं पत्ता दिला. अर्धांगवायूनंतर त्याचे वडील मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत पुन्हा दाढी करायला शिकले. रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या तिथल्या बाई घरी येऊन गेल्या. आल्या त्या हाताची घडी घालून बसल्या आणि उठेपर्यंत घडी सोडली नाही. मला वॉकर घ्यायला वेळ लागला, पाणी सांडलं, तरी ढिम्म. मला आधी रागच आला. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?" आई, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मला गाडी पकडायचीय." त्या म्हणाल्या, "मग गाडीपासून मागे येऊ या."

म्हणजे काय, ते अजून मलाही कळलेलं नाही. कळलं की लिहीन.

तुझी,
थोरली


१७ मार्च

ती. आईस,

सगळ्यांना यथायोग्य. भाची मान धरायला लागली म्हणे! तिला सांग, मावशी कॉलरचं बटण लावायला लागलीय, चुरस आहे.

घडीबाईंची (हे नाव मीच ठेवलंय, त्यांना माहीत आहे, त्या हसतात) शिकवायची तऱ्हाच उलटी. कुठलंही काम त्या शेवटापासून शिकवतात. सगळा शर्ट त्यांनी चढवायचा, बटणं लावायची आणि शेवटचं एक माझ्यासाठी ठेवायचं. ते लागलं की शर्ट मी पुरा केला. दुसऱ्या दिवशी शेवटची दोन माझी. मग तीन. आजवर मी कायम कामाची सुरुवात करायचे आणि मग कुणीतरी "राहू दे गं, दे इकडे" म्हणून ते संपवायचं. आता संपवते ती मीच. एवढ्याशा गोष्टीचं मला काय अप्रूप वाटलं म्हणून सांगू!

पण त्यामुळे एक गंमत झाली. त्या येणार नव्हत्या त्या सकाळी मी एकटीनं आवरायला घेतलं. शेवटापासून शिकलेली मी, सगळ्यात पक्कं काय, तर बूट. छान बूट घातले, पट्टे ओढले, स्वतःवर खूश झाले. आणि समोर पाहते तर पँट पलंगावर! बूट घालून पँट चढत नाही, हे ज्ञान मला घाम फुटल्यावर झालं. पुन्हा सगळं काढलं. एकटी बसून पोट दुखेपर्यंत हसले. तू असतीस तर हसली नसतीस, "अगं अगं" करत धावत आली असतीस. म्हणून म्हणते, तू तिथेच बरी आहेस.

आंघोळीला स्टूल आणि लांब दांड्याचा ब्रश आणलाय. नळाशेजारी भिंतीला दांडी ठोकून घेतली. पडले नाही. एकदा अचानक खाली बसले, पण ते मोजायचं नसतं. चहा करते. कप ट्रॉलीवर ठेवून ढकलत नेते, कारण वॉकर धरला की कप धरायला हात उरत नाही.

परवा रंगीत तालीम घेतली. घडीबाई दाराजवळ घडी घालून, मी पलंगावर. अंघोळ, कपडे, नाश्ता, बूट, पिशवी, सगळं वेळेत. वेणी तेवढी राहिली, आणि मोकळे सोडले तर केस खुर्चीच्या चाकात अडकतात. ती सध्या समोरच्या वहिनी घालून देतात, पण त्यांच्या मुलाला ताप, त्या आल्या पावणेनऊला. बिचाऱ्यांचा काय दोष? गाडी असती तर निघून गेली असती. मी सजूनधजून, केस मोकळे सोडून दारात बसलेली. मला रडूच कोसळलं.

तू फोनवर दरवेळी विचारतेस, केस नीट विंचरले जातात ना, गुंता होत नाही ना. केसांचं नंतर सांगते. डॉक्टरांनी तुझ्या पाठीचं काय सांगितलं ते कळव, आणि खरं कळव. बाळाला उचलताना वाकू नकोस. मला उचलूनच ती पाठ गेलीय, हे तू कधी म्हणाली नाहीस, पण मला माहीत आहे.

तुझी,
थोरली


१ एप्रिल

ती. आईस,

नमस्कार. तारीख बघून थट्टा समजशील, म्हणून आधीच सांगते, खाली लिहिलंय ते सगळं खरं आहे.

मी गाडीत बसले! सव्वाआठलाच दारात हजर होते. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, बाकीच्यांना जरा शिकवा." दिवसभरात कितीतरी फोन घेतले. एक आजोबा दोन मजल्यांच्या मध्ये अडकले होते आणि सुटकेपेक्षा त्यांना हातातल्या आइस्क्रीमची काळजी जास्त. मी म्हटलं, "खाऊन टाका, आजोबा." मेकॅनिक पोचला तेव्हा आजोबांना मुळीच घाई नव्हती. ऑफिसातली लिफ्ट चालू आहे. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली आणि माझ्या टेबलाची उंची आधीच वाढवून ठेवली होती, खुर्ची आत जावी म्हणून.

एवढं झालं. आता दुसरं.

गेला आठवडाभर मी मोबाइलचा कॅमेरा बिघडलाय म्हणतेय ना, तो बिघडलेला नाही. आई, मी केस कापले. थोडेसे नाही. बोटभर उरलेत.

थांब, लगेच फोन उचलू नकोस. पुढे वाच.

आम्ही सगळं करून पाहिलं. शेवटचा रबर बांधणं मला जमलं, त्याच्या आधीचा एक पेडही जमला, वेणी पुढे खांद्यावर ओढून घेऊन. पण वर, मानेपासून, डावा हात लागतो, आणि माझा डावा हात तुला माहीतच आहे, खांद्यापर्यंत येतो आणि रुसतो. मी घडीबाईंना विचारलं, कापू का? त्या म्हणाल्या, "हे मी सांगणार नाही. केस तुमचे." मला त्यांचा इतका संताप आला! कुणीतरी हो किंवा नाही म्हणावं असं वाटत होतं. तुला विचारावं म्हणून दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा बाळाचीच चौकशी करून ठेवून दिला. तू नको म्हणाली असतीस तर मी कापले नसते, आणि मग आज तिकडे यायला सामान बांधत असते.

कोपऱ्यावरच्या पार्लरवालीनं कात्री हातात घेऊन विचारलं, "आईला विचारलंत का?" मी म्हटलं, "तुम्ही सगळ्याच गिऱ्हाइकांना हे विचारता का?" ती ओशाळली. मी भांडले खरी, पण डोळे घट्ट मिटून घेतले होते. कात्रीचा आवाज फार मोठा येतो गं, कानाशीच असते ना.

घरी येऊन खूप रडले. केसांसाठी नाही. लहानपणापासून रोज सकाळी तू माझ्या मागे बसायचीस, आणि घरातलं सगळं त्याच वेळी बोलणं व्हायचं. धाकटीचं लग्न तिथेच ठरलं, शेजारणींची उणीदुणी तिथेच निघाली. बाबा गेल्यावर तू चारचौघांत रडली नाहीस. रडलीस ती माझ्या पाठीमागे, मला दिसू नये म्हणून. मला कळत होतं. पेड घट्ट होत गेले होते. मी "दुखतंय" म्हटलं नाही.

ते सगळं मी एका दुपारी कापून टाकलं असं मला वाटलं. तुलाही तसंच वाटेल याची मला भीती वाटते. नोकरी जाईल याची नव्हती वाटली इतकी. म्हणून लपवलं.

पण दुसऱ्या सकाळी कंगवा फिरवला आणि झालं. एका हातानं. आरशात बघितलं तर तुझे कान! तुझे कान माझ्याकडे आहेत हे मला कधी दिसलंच नव्हतं. समोरच्या वहिनी म्हणतात, वय कमी दिसतं. त्या भिडस्त आहेत, पण मी विश्वास ठेवायचं ठरवलंय.

रागाव माझ्यावर, हक्क आहे तुझा. पण त्यासाठी लगेच निघून येऊ नकोस. धाकटीला तुझी गरज आहे, आणि तुलाही तिथे बरं वाटतंय, तुझ्या आवाजावरून कळतं मला. बाळ चांगलं बसायला लागेपर्यंत राहा. मी इथे आहे. माझं चाललंय. खरंच चाललंय आई, तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

आज संध्याकाळी घडीबाई येऊन गेल्या. पुढे काय काय शिकायचं ते ठरवलं. गॅसवर स्वयंपाक, बँकेत एकटीनं जाणं, चादर बदलणं. मग त्या म्हणाल्या, "डोक्याला तेल लावायलाही शिकू या, त्याला लांब तोंडाची बाटली मिळते, एका हातानं जमेल तुम्हाला."

मी नाही म्हटलं. म्हटलं, जमेल, पण हे मला शिकायचं नाहीये.

तू आलीस की तू लाव. केस बोटभरच आहेत, पाच मिनिटांत होईल. पण तू उरकू नकोस. पूर्वी लागायचा तेवढाच वेळ लाव.

तुझी वाट बघणारी,
थोरली