मेलेल्याची कार्डं

श्री

नांगल, पंजाब
ता. ६ जानेवारी १९५५

तीर्थरूप बास धाकलूचा दंडवत. वि. वि.

हे माझं नववं कार्ड. आठांचं उत्तर नाही. तुला वाचता येत नाही, पण कुळगावचे आण्णा दुकानात वाचून दाखवतात आणि तू ऐकतोस, तेव्हा बहिऱ्याचं सोंग नको. मी मुद्दाम उघडं कार्ड टाकतो. पाकीट तू चुलीत घातलं असतंस. कार्ड शिरगावच्या पुढे आपल्या वाडीवर पोचेपर्यंत दहा जणांच्या तोंडी झालेलं असतं.

इथे धरणासाठी डोंगर फोडतोय. थंडी मरणाची. मला मिशी फुटली, हे आयेला सांग. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या ज्या सिंधी ठेकेदारामागे मी तुला न विचारता आलो, तो माणूस वाईट नाही. चौथी नापास म्हणून मला हसतो, पण सगळ्या टोळीची पत्रं माझ्याकडूनच लिहवून घेतो. त्यांना उत्तरं येतात.

लोभ नसला तरी भागेल, कान असू दे.

तुझा धाकलू

*

कुळगाव
ता. २ फेब्रुवारी १९५५

चि. धाकलूस आण्णांचे अनेक आशीर्वाद.

नववे कार्ड वाचून दाखवले. तुझा बाप चांगो दुकानाच्या पायरीवर पाठमोरा बसतो, ऐकतो आणि मिठाची पुडी घेऊन उठतो. या खेपेला मात्र त्याने एक कोरे कार्ड मागितले, आपल्या हाताने त्याचा कोपरा फाडला आणि धाडा म्हणाला. ते या पाकिटात आहे. कोपरा फाटलेले कार्ड म्हणजे मयताची खबर, हे तुला सांगायला नको. ऐन राबाच्या दिवसांत, भाताच्या रोपांची जमीन भाजायच्या वेळी, तू निघालास तेव्हा चांगो म्हणाला होता, गेलास तर मेलास. शब्दाचा पक्का निघाला.

माझे ऐकशील तर आता लिहू नकोस. भिंतीशी किती बोलशील?

राग नसावा.

आण्णा

*

नांगल
ता. १४ फेब्रुवारी १९५५

ती. आण्णांस सा. न. वि. वि.

फाटलं कार्ड पोचलं. टोळीतल्यांनी विचारलं कोण गेलं, मी म्हटलं मीच. दोन दिवस टाक हातात धरवला नाही, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, मेलेल्याला कसली भीती? जिता होतो तोवर उत्तराची वाट बघायची कटकट होती, तीही गेली. तेव्हा माफ करा, मी लिहिणार. महिन्याला एक लिहायचो, आता दोन लिहीन. पुढचं बाला मोठ्याने वाचून दाखवा.

बा, मेलेला धाकलू लिहितोय. झोपडीमागे, कालव्याच्या कडेला, थोडी जागा आहे. तिथे भात करणार. रोपांसाठी पुढल्या महिन्यात राब भाजतो. खाली माती, त्यावर गवत, त्यावर झाडाचा टहाळ आणि सगळ्यात वर शेण. वारा येतो तिकडून पेटवून द्यायचं, म्हणजे झटक्यात उरकतं. ही रीत मला बाने शिकवली, असं इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तुमच्या पायरीला नमस्कार.

धाकलू

*

कुळगाव
ता. ३ मार्च १९५५

चि. धाकलूस आण्णांचे अनेक आशीर्वाद.

वर शेण, एवढे वाचले आणि चांगो पायरीवर गर्रकन वळला. वर्षभरात कार्ड ऐकताना त्याचे तोंड मला पहिल्यांदाच दिसले. मला तेवढे पुन्हा वाचायला लावले. माझ्यावर विश्वास बसेना, म्हणून पोस्टमनकडून वाचून घेतले. मग जे बोलला त्यातले निम्मे कार्डावर लिहिण्याजोगे नाही. उरलेले त्याच्याच शब्दांत:

“गाढवा, शेण खाली. त्याच्यावर टहाळ, मग सुक्या पानांचा पातेरा, मग गवत. माती वर, नायतर राख उडून दुसऱ्याच्या शेतात जाईल. पेटवायचा वाऱ्याच्या उलट अंगाने, धुमसत जाऊ दे. घाई करायची नाय. आणि माझं नाव सांगतोस काय? भाजून झाला की जमीन कशी दिसते ते लिही. मग बघू, नाव सांगायचं की नाय.”

लबाडा, सात वर्षांचा असल्यापासून तू राब रचतोस. त्याची आठवण मी चांगोला करून दिली नाही. तोही विसरला असेल असे वाटत नाही.

महिन्याला दोन म्हणाला आहेस, ते विसरू नये.

आण्णा

ता. क. हे कार्ड पेटीत टाकायला निघालो, तर त्याने हातातून मागून घेतले. अक्षर तर त्याला कळत नाही. चारी कोपरे बोटांनी चाचपून पाहिले आणि परत दिले.