खोली मिळाली की अभ्यास

२० जून १९७४, सकाळी ७
नवी वही, नवा विरुपाक्ष. गेल्या वर्षी प्री-डिग्रीला आपटलो ते निव्वळ जागेमुळे. इथं सोलापुरात आत्याच्या घरी आत्या बोलते, रेडिओही बोलतो. दोघं एकमेकांचं ऐकत नाहीत, मला मात्र दोघांचंही ऐकावं लागलं. सांगोल्याहून निघताना अण्णांनी बजावलंय, ही शेवटची संधी. यंदा पास झालो नाही तर शिक्षण बंद, कापडाच्या दुकानात बसायचं, कायमचं. तशी वेळ येणारच नाही. निश्चय : आधी कॉलेजजवळ स्वस्त आणि शांत खोली, मग अभ्यास. घाई करणारे नापास होतात.

तोवर वर्गातल्या सिद्धनाथकडे. हा वैरागचा, कॉट बेसिसवर राहतो. एक खोली, तीन कॉट, तीन पोरं. त्याच्या कॉटशेजारी जमिनीवर मी. टेम्पररी. फार तर आठ दिवस.

२ जुलै
कंडिशन्स लिहून काढल्या. पूर्वेची खिडकी, स्वतंत्र दार, दारात नळ, कॉलेज चालत दहा मिनिटांवर, मालक अबोल. यातली एकही जादा नाही.

सात रस्त्याजवळ एक खोली पाहिली. खिडकी पश्चिमेला. मालक म्हणाला, संध्याकाळी वारं लई झ्याक येतंय की. वाऱ्यावर कुणी पास झाल्याचं ऐकलं नाही. नाकारली.

११ जुलै
गिरणीमागच्या चाळीत खोली. भोंगा थेट डोक्यावर. नाकारली. सिद्धनाथ म्हणाला, भोंग्यानं पहाटे जाग तरी येईल. त्याला मूलभूत विचार करता येत नाही.

वर विचारतो, लेक्चरला का येत नाहीस? अरे, घरमालक निवांत सापडतात ते अकरा ते चार. लेक्चरंही तेव्हाच. टाइमटेबल करणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता.

१९ ऑगस्ट
गुरम्मांच्या खानावळीवरची खोली. पूर्वेची खिडकी! स्वतंत्र दार! पण खालून भाजत्या भाकरीचा वास. पुस्तक उघडून तिथंच प्रयोग केला. एका पानात दोनदा भूक लागली. गुरम्मा म्हणाल्या, खोली बघून दोनदा जेवून गेलेला तूच पहिला. नाकारली.

आठ दिवसांचे दोन महिने झाले हे मान्य. पण सिद्धनाथ काही बोलत नाही, म्हणजे त्याला सोबत आवडत असणार.

९ ऑक्टोबर
आज सहामाही. नेमकी आजच एक खोली पाहायची होती. दूरदृष्टीनं विचार करून परीक्षा सोडली. खोली ओलसर निघाली.

गुरम्मांची खोली घेतलेला वर्गातला चनबसप्पा पेपर सोपा गेला म्हणत होता. भाकरीच्या वासाचा त्याच्यावर परिणाम होत नसावा. काही लोक जाड कातडीचे असतात.

८ जानेवारी १९७५
सापडली!! सगळ्या कंडिशन्स! कॉलेज सात मिनिटांवर. खिडकीतून सकाळचं ऊन थेट टेबलावर. मालकीणबाई अक्कम्मा, वय साठ, कानडी मराठी बोलतात, पण बेतानं. आधीचा पोरगा पोस्टात लागला म्हणून खोली रिकामी. भाडंही अण्णा कुरकुर न करता देतील इतकं. तीन महिने हातात आहेत. रोज चौदा तास धरले तर फर्स्ट क्लास. अण्णांना कार्ड टाकलं : खोली मिळाली, काळजी नसावी.

९ जानेवारी
किरकोळ अडचण. अक्कम्मा खोली फक्त विद्यार्थ्यांना देतात, आणि तेही पास होणाऱ्या. पुढच्या खोलीत कल्लप्पा नावाचा कारकून दोन महिन्यांसाठी आला तो नऊ वर्षं हलत नाही. कोर्टात नुसत्या तारखा. मला तमा म्हणतात, कानडीत धाकटा भाऊ. म्हणाल्या, तमा, शिकणारं पोरगं पास होतंय आणि जातंय. नापास झालेलं हितंच बसतंय. तुजं मार्कशीट बघू की.

मी म्हणालो, मार्कशीट युनिव्हर्सिटीत तपासायला गेलंय. म्हणाल्या, मग कॉलेजचा कागद आण, यंदा परीक्षेला बसणार हाय म्हणून. बोनाफाईड म्हणजे. एका सहीचं काम. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की आणतो.

२० जानेवारी
ऑफिसात गेलो. क्लार्क मानसिंगरावांनी हजेरीपट काढला. पहिल्या टर्मला अकरा दिवस, दुसऱ्या टर्मला तीन. नाव कमी केलंय, परीक्षेचा फॉर्म मिळणार नाही. मी सगळं कारण खुलासेवार सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग खोली मिळाली का?

दिवसभर जेवलो नाही. अण्णांना काय सांगू?

२१ जानेवारी
अक्कम्मांना खरं सांगितलं. ओरडल्या नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, तू अख्खं सोलापूर पालथं घातलंस न्हवं, मग एक पास होणारं पोरगं तरी बघून दे मला.

सिद्धनाथला नेलं. अक्कम्मांना वाचता येत नाही, त्यांनी त्याचं मार्कशीट शेजारणीकडून वाचून घेतलं, दोनदा. खोली त्याला मिळाली.

२२ जानेवारी, संध्याकाळी ६
सिद्धनाथची ट्रंक मीच उचलली. खिडकीशी टेबल लावून दिलं. त्याच्या खुर्चीवर पाच मिनिटं बसलो. इथं खरंच अभ्यास झाला असता.

मग ध्यानात आलं, त्याच्या जुन्या कॉटवर आजच नवा पोरगा आलाय. म्हणजे कॉटशेजारची माझी जमीनही गेली. अक्कम्मांना विचारलं, सिद्धनाथचा पाहुणा म्हणून राहू का? टेम्पररी. त्या दारातून हलल्या नाहीत. म्हणाल्या, शिकणारं पोरगं जातंय तमा, न शिकणारा पाव्हणा कुटं जातोय?

मी जाणार आहे, असं तीन प्रकारे सांगितलं. त्यांना पटेना. शेवटी स्टँडवर जाऊन उद्या सकाळच्या सांगोला गाडीचं रिझर्व्हेशन काढून आणलं. त्यांनी ते तिकीट सिद्धनाथकडून वाचून घेतलं, तारखेसकट. मग म्हणाल्या, आता बस की, आणि चहा टाकला.