धाकट्यावरचं पिवळं बटण

वसमत, मंगळवार, फेब्रुवारी २००९

लाइट गेली-आली आणि मोठा कॉम्प्युटर कायमचा बसला. कादंबरी त्यातच, त्याला लावून ठेवलेला पेनड्राइव्हही जळाला. तरी घाबरलो नाही. रोज संध्याकाळी मंगल पेनड्राइव्हवरून सगळं धाकट्या लॅपटॉपवर उतरवते. बायकोवर एवढा तरी भरवसा!

धाकटा उघडला, तर त्यात दिवाळीआधीची कादंबरी. नंतरच्या दुरुस्त्या कुठंच नाहीत. 'एन'चं बटण मात्र हळदीनं पिवळंधमक. जुनं पुसून नवं ठेवू का, असं तो रोज विचारायचा आणि ही दिवाळीपासून रोज 'एन', म्हणजे 'नको', दाबायची!

"काहून पण?" मी ओरडलोच.

"सगळंच दही घुसळलं तर विरजणाला काय ऱ्हाईल?" हळद कुटता कुटता ती म्हणाली.

चिडूनच वाचायला बसलो. दिवाळीत मी आईचं प्रकरण काढून टाकलं होतं, रडकं वाटलं म्हणून. इथं ते जसंच्या तसं. आई चुलीपुढं बसून मला रागावतेय. हे मी काढलं? कशापायी?

दारातून मंगलनं हळूच विचारलं, "सासूबाई हायेत ना त्यात अजून?"

म्हणजे हिला ठाऊक होतं.

पिवळं बटण पुसायला फडकं घेतलं होतं. ठेवून दिलं.