होजची मुरड परत मिळणेबाबत

प्रति,
मा. पथकप्रमुख,
कुंडलिका–भोगावती संयुक्त अग्निशमन पथक,
पेण केंद्र, जि. रायगड.

विषय : बंबावरील मोठ्या होजमधील मुरड आणि ती घालणारी रोजंदारी सफाई कामगार श्रीमती सोनी चंदर वाघमारे, या दोघींना परत घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. २३/०७/२०२५.
२) आपली ‘मोठा होज भरण्याची मानक कार्यपद्धती’, पृष्ठे सात.
३) दि. २२/०७/२०२५ रोजी जोहे येथे लागलेली आग.

महोदय,

१. संदर्भ क्र. १ मिळाली. आग मंगळवारी दुपारी लागली आणि नोटीस बुधवारी दहाच्या ठोक्याला माझ्या हातात पडली. एकतीस वर्षांच्या नोकरीत पथकाची इतकी तत्परता मी प्रथमच पाहिली, त्याबद्दल आधी आभार मानतो. नोटिशीत विचारले आहे की, “होज विहित क्रमाने बंबाबाहेर का आला नाही?” त्याचा खुलासा खाली करीत आहे. मी ३० सप्टेंबरला निवृत्त होत असल्याने खुलासा जरा मोकळ्या हाताने लिहिला गेला आहे, तो तसाच वाचावा ही विनंती.

२. या अर्जाची प्रत वरिष्ठ कार्यालयात जाणार आहे. तेथे होज फक्त फोटोत पाहिलेली मंडळीही असतील, म्हणून थोडे सांगतो. मोठा होज, म्हणजे पाणी वाहून नेणारा पाइप, दंडाएवढा जाड आणि एकूण तीनशे मीटर लांब आहे. पंचवीस मीटरचे बारा तुकडे धातूच्या जड जोडांनी एकमेकांना जोडलेले असतात. तळ्यावर पंप उतरवायचा, होजचे टोक तेथे सोडायचे आणि मी बंब आगीकडे न्यायचा. मागून होज आपला आपण रस्त्यावर पडत जातो. बघणाऱ्याला वाटते, चालक हुशार आहे. वास्तविक हुशारी असते ती ज्याने होज भरला त्याची. भरताना चूक झाली तर ती आगीपाशीच कळते, आधी नाही.

३. पूर्वी आपल्या आदेशाने होज गोल गुंडाळून ठेवला जात असे. बारा वळकट्या, ताटात चकल्या मांडाव्यात तशा. दसऱ्याला प्रत्येकीवर झेंडूचे फूल. फोटो फार सुरेख येत. सरावात पाणी यायला मात्र एकोणीस मिनिटे लागत, कारण प्रत्येक चकली हाताने उतरवून, उलगडून, पुढच्या चकलीला जोडावी लागे.

४. सोनी वाघमारे ही निडीजवळच्या वाडीवरून रोज गाडीने येऊन आपले केंद्र झाडत असे. नदीत जाळे टाकण्यात तिचा जन्म गेला आहे. आमचा सराव बघताना झाडू बाजूला ठेवून ती मला म्हणाली (शब्द जसेच्या तसे देतो), “दादा, असं गुंडाळून जाळं होडीत टाकलं ना, तर मासा नाय गावत, आपलाच पाय गावतो.” आणि तिने होज भरून दाखवला. लांबीच्या दिशेने मागे-पुढे घड्या. प्रत्येक दुसरी घडी वीतभर आखूड, म्हणजे वाकणे एकावर एक येऊन फुगत नाहीत. आणि जो जोड बाहेर पडताना उलटा फिरणार, त्याच्या अलीकडे एक छोटी जादा घडी. तिला ती मुरड म्हणते. मुरड असली की जोड सरळ निघतो. नसली तर काय, असे मी विचारले. “जाळ्याचा धोंडा उलटा फिरला का काय व्हतं? समद्यात आधी आपलंच डोस्कं फोडतो.”

५. डिसेंबरात रोह्याला, अष्टमीच्या पुलाजवळ कुंडलिकेच्या काठी आपण प्रात्यक्षिक ठेवले. सोनीने भरलेला होज तीन मिनिटे चाळीस सेकंदांत जमिनीवर होता व पाणी चालू होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या आपण स्वीकारल्या. वर गेलेल्या अहवालात ‘पथकप्रमुखांनी विकसित केलेली अभिनव घडी’ असे शब्द आहेत. त्याचे प्रशस्तिपत्र आपल्या खुर्चीमागे चौकटीत आहे. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी येथे मुद्दाम वापरत नाही.

६. फेब्रुवारीत तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारले की, ही जी बाई होज भरते तिचे प्रशिक्षण प्रमाणपत्र कुठे आहे. आपण उत्तर दिले, “अशी कोणी बाई होज भरत नाही.” आणि दिलेले उत्तर खरे असावे म्हणून दुसऱ्याच दिवशी तिला हजेरीपटावरून काढले. कारण लिहिले : ‘शासकीय होजला अनधिकृत हात लावणे.’ तो हात लावला नसता तर आपल्या खुर्चीमागची भिंत आज मोकळी असती.

७. त्यानंतर संदर्भ क्र. २ निघाली. आपले लिपिक श्री. आदर्श यांनी दोरी धरून सगळ्या घड्या एका लांबीच्या केल्या. आखूड घड्या गेल्या. मुरडी ‘अनावश्यक फुगवटा, नीटनेटकेपणास बाधक’ म्हणून काढून टाकल्या. होज इस्त्रीच्या धोतरासारखा दिसू लागला. मार्चमध्ये मी लेखी हरकत घेतली. तीवर आपला शेरा आहे : ‘चालकाने चालवावे.’ मी चालवीत राहिलो, हा माझा या प्रकरणातील खरा गुन्हा. तो मला मान्य आहे.

८. आता जोह्याबद्दल. संध्याताईंचा गणपतीचा कारखाना, चारशे मूर्ती रंगून गाडीत चढायच्या तयारीत. रंगाच्या डब्यांपाशी ठिणगी पडली. तळे तिथून अडीचशे मीटरवर, पावसाने काठोकाठ भरलेले. होजचे टोक सोडले आणि मी निघालो. तिसरा जोड उलटा फिरून बंबाच्या कोपऱ्यात अडकला, मग सुटला तो मागे उभ्या असलेल्या आमच्या जवानाच्या, सुजयच्या, खांद्यावर. त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. मागोमाग सगळा होज एक गठ्ठा होऊन खाली आला. बंबातले पाणी चार मिनिटांत संपले. गठ्ठा सोडवून तळ्याचे पाणी यायला बावीस मिनिटे गेली. तोवर गावकरी बादल्यांनी विझवत होते आणि आम्ही गणवेशात गाठी सोडवत होतो. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, “बंब आला गो, पानी मागनं चालत येतंय.” संध्याताईंनी मला विचारले, “दादा, पानी हाय ना तिथं? मग का नाय देत?” याचे उत्तर मी सातही पृष्ठांत शोधले. मला लाज वाटली, महोदय. नोटिशीच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नाही, म्हणून येथे लिहितो.

९. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : होज विहित क्रमानेच भरला होता. म्हणूनच तो बाहेर आला नाही.

१०. काल सायंकाळी श्री. आदर्श यांनी आपला तोंडी निरोप आणला. येत्या मंगळवारी पुन्हा तपासणी आहे. तरी ‘त्या बाईला’ दोन तासांसाठी मागच्या दाराने बोलवावे, होज तिच्या पद्धतीने भरून घ्यावा, चहा-वडापाव द्यावा, नोंद करू नये. निरोप मी इमानेइतबारे पोचवला. तिचे उत्तर : “मागल्या दारानं मी नाय येनार. पुढल्या दारानं नाव लिवा, मग हात लावीन. नायतर साहेबाला म्हनावं, तूच भर.” बोलण्याची रीत सोडली तर शेवटचे वाक्य मला पूर्णपणे नियमाला धरून वाटले. संदर्भ क्र. २, पृष्ठ ४ प्रमाणे प्रमाणपत्रधारकाशिवाय कोणीही बंबात होज भरायचा नाही. एका दुपारच्या ऑनलाइन वर्गाचे हे प्रमाणपत्र पथकात दोघांकडेच आहे : आपण व श्री. आदर्श.

११. सबब नियमाचे पालन करून कळवितो की, चिखल धुतलेला होज आज सकाळच्या उघडिपीत आवारात वाळत घातला आहे. तो बंबापासून निघून ध्वजस्तंभाला वळसा घालून आपल्या कार्यालयाच्या पायरीपर्यंत येतो. टोक पायरीवरच ठेवले आहे, येताना पाय जपावा. अडीच वाजेपर्यंत तो वाळेल. त्यानंतर तो बंबात भरावाच लागेल, कारण जोह्यात आणि हमरापुरात अजून शेकडो कारखाने रंगाच्या डब्यांशेजारी उभे आहेत आणि चतुर्थी महिन्यावर आली आहे. आपण भरणार असाल तर प्रत्येक जोड उचलताना कमरेत वाकू नये, गुडघ्यात वाकावे.

१२. सोनी वाघमारे स्वतःच्या तिकिटाने सकाळच्या गाडीने आली असून पुढच्या फाटकाबाहेर जांभळीखाली डबा घेऊन बसली आहे. हजेरीपटात तिचे नाव आणि नोंदवहीत ‘होज भरणाऱ्याचे नाव’ या रकान्यातही तिचेच नाव, एवढे झाले की ती आत येईल. तिला भरायला दीड तास लागतो. म्हणजे सही अडीचपर्यंत झाली तर चारला बंब तयार.

आपल्या होजच्या दुसऱ्या टोकाशी उभा असलेला,

(सही)
कमळाकर नाथा म्हात्रे
चालक, बंब क्र. २, पेण केंद्र
दि. २४/०७/२०२५, सकाळी ११.१०

सोबत :
१. माझी मार्चमधील हरकत, आपल्या शेऱ्यासह.
२. सुजयच्या खांद्याच्या एक्स-रेची प्रत.
३. संध्याताईंच्या कारखान्यात उरलेल्या मूर्तींचा फोटो. (फोटोत एकच मूर्ती आहे. बाकीच्या फोटोत मावल्या नाहीत असे समजू नये.)
४. जुलैच्या हजेरीपटाचे पान व एक बॉलपेन. बॉलपेन फाटकाशी परत करावे.