तारा लिस्बनला, जावई हेलसिंकीला, बरणी एकच

बनेद अल-गार, कुवेत

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी धाकटा जावई काशिनाथ याचा साष्टांग नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? मामींच्या गुडघ्यांना तेल लागतंय ना? म्हैस व्यायली का, तेही कळवा. आनंदीला इकडे पाठवण्याचा विषय मी या पत्रात काढणार नाही. लग्न होऊनही ती तुमच्या ओटीवर आणि मी इथे सहा जणांच्या खोलीत, पण 'कुवेत फार लांब' हे तुमचं म्हणणं मी निमूटपणे गिळलं आहे (तिच्या व्हिसाचे कागद तयार आहेत, पण ते असोत). हे पत्र निव्वळ लोणच्याबद्दल आहे.

आमच्या खोलीतला रितेश सुट्टीवरून परतताना तुम्ही त्याच्या हाती लोणच्याची बरणी दिलीत (इकडे रिकाम्या हाताने विमानात बसायची कुणालाच मुभा नसते). निरोप असा, की युरोपात जाणारं कुणी भेटलं की द्यावी. थोरली तारा लिस्बनला, तिचा नवरा अभिनव हेलसिंकीला, दोघं युरोपातच, तेव्हा बरणी एकच पुरे, अर्धं अर्धं घेतील. मलाही ते पटलं. मी इस्पितळाचे एसी दुरुस्त करणारा माणूस. मी पाहिलेला परदेश म्हणजे कुवेत, आणि तो असा, की सकाळी चहा पिऊन गाडीने निघालं तर जेवायच्या आत देश संपतो. इथून अर्ध्या तासावरच्या सुलैबियाला कामावर जायचं तरी आम्ही डबा बांधून घेतो. त्याच मापाने मी युरोप मोजला.

आमच्या इस्पितळातल्या रुपाली सिस्टर सुट्टीत लिस्बनला निघाल्या होत्या. मी बरणी त्यांच्यापुढे ठेवली आणि विनंती केली, की अर्धं ताराला द्या, आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडाल तेव्हा उरलेलं हेलसिंकीला पोचवा. त्या इतक्या हसल्या, की वॉर्डातले पेशंट उठून बसले. मग त्यांनी मोबाइलवर नकाशा दाखवला. लिस्बन ते हेलसिंकी तेहतीसशे किलोमीटरच्या वर! थेट विमान मिळालं तरी जवळजवळ पाच तास! मधले देश मोजताना मी दोनदा चुकलो. एका टोकाला अटलांटिक, दुसऱ्या टोकाला हिवाळ्यात गोठणारा समुद्र, आणि आपली तारा नवऱ्याला भेटायला शुक्रवारी विमानात बसते नि सोमवारी कामावर हजर! मामा, मी खरंच थक्क झालो. गच्चीवर एसीच्या कामाला गेलो, की आता वरून जाणारं विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहतो. केवढं हे जग, आणि आपली पोरं त्यात किती सहज हिंडतात!

मग सहज म्हणून कुवेत ते मुंबई विचारलं. पावणेतीन हजार किलोमीटर, चार तास. मुंबईहून आपल्या गावी यायला याच्या दुप्पट वेळ लागतो. मी काही म्हणत नाही.

मामींना नमस्कार सांगा.

आपला,
काशिनाथ

ता. क. : तेल गळेल म्हणून सिस्टरनी बरणी नेली नाही. ती आम्ही सहा जणांनी मिळून संपवली. ताराला यातलं काही कळवू नका. गावी निघालेल्या सुयोगबरोबर हे पत्र आणि रिकामी बरणी पाठवतो आहे.

ता. क. दुसरा : बरणी भरून आनंदीच्याच हाती द्या. तिने बॅग कधीची भरून माळ्यावर ठेवली आहे, बरणीपुरती जागा सोडून. तुम्ही 'जा' म्हणायचाच काय तो अवकाश आहे.