सात्या कशात आणल्या होत्या?

प्रिय आई,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला लिहिण्यासारखं काही उरलं असेल असं वाटलं नव्हतं. पण आज दुपारी शोभा झरीहून सात्या घेऊन आली, आणि त्या बारीक अळंब्या निवडता निवडता तुमची लेक असं काही बोलून गेली की पेपरासाठीचा बुधवारचा लेख अर्धा टाकून हे लिहायला बसले आहे.

सात्या पळसाच्या पानांत बांधलेल्या होत्या. मी सहज म्हटलं, "टोपलीत आणायच्या ना."

"टोपलीच्या भोकातून अर्ध्या गळतात, वहिनी. आई पानातच आणे. त्या सालापासून तिनं सात्यांसाठी बियाण्याचं पाकीट हाती धरलं नाही. मलेबी धरू दिलं नाही."

त्या सालापासून? माझा हात थांबला.

तुम्हाला आठवतं ना ते साल? कापसाच्या वाईट वर्षांतलं एक. माझा सासरचा पहिलाच श्रावण. मी वणीची, कोळसा खाणीतल्या नोकरदाराची मुलगी. मला सगळ्या अळंब्या सारख्याच दिसायच्या. तुम्ही मला शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या वारुळाजवळ नेलंत. भाताची शितं सांडावीत तशी जमीन पांढरी झाली होती. नखाएवढ्या टोप्या, काडीसारखे देठ, बोट लागलं तरी मोडणारे.

"वारुळाच्या मातीतली घे. शेणावरची नको. टोपीच्या मधात टोक असते, पाह्य. काळं पाणी सुटलं तं फेकून दे." मी खुडलेली प्रत्येक मूठ तुम्ही उलटून पाहत होता. "हे कोणती घेतली? डोये आहेत का बटनं?" मला हसू आलं होतं. तुम्हाला नाही.

तुमच्या कमरेला बियाण्याची रिकामी पाकिटं खोचलेली होती, जाड, गुळगुळीत. त्यांतच सात्या भरल्या. आतली गुलाबी भुकटी माझ्या बोटांना लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, "रंग आहे. धुतल्यानं जाते." हात धुता येतात, सात्या कुठे चोळून धुता येतात? एकदा पाण्यातून काढल्या की झालं.

तुमचा मुलगा त्या दिवशी बाहेरगावी होता. रीतीप्रमाणे बाबा आणि शोभा आधी जेवले. आपण दोघी बसणार तोच बाबांना उलटी झाली, मग शोभाला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "घरात फवारणीचं औषध कुठे ठेवता?" शेतकरी औषध पिऊन जीव देत होते त्या वर्षांत, कुणालाही उलटी झाली तरी हेच विचारायचे. शेजारच्या काकूंनी मात्र वेगळंच विचारलं, "सून जेवली नाही काहून?"

तुम्हीही जेवला नव्हता, आई. तुम्हाला कुणी का नाही विचारलं? आणि सून शेवटी जेवते ही आपल्याच घरची रीत आहे, एवढं तरी तुम्ही का नाही सांगितलं?

दोघंही बरी होऊन घरी आली. त्या दिवशी पहिली भाकर तुम्ही माझ्या ताटात टाकलीत, वर भाजी. "पयले तू खा." मी खाल्लं. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत बसलात आणि मगच बाबांचं ताट वाढलंत. पुढे रोज तसंच. गावातल्या सुना मला म्हणत, "तुही सासू सोन्याची आहे बाई, गरम भाकर पयले तुले देते." काय सांगणार होते मी त्यांना?

मीही काही कमी नव्हते. तुम्ही मीठ घालायला पुढे झालात की मी चुलीजवळून हलत नसे.

आज शोभाला सरळ विचारलं, "आईला कळलं होतं?"

"काय?"

"पाकिटांचं. बियाण्याला लावलेल्या विषाची ती भुकटी."

ती देठांची माती झटकत राहिली. मग म्हणाली, "दवाखान्यातून आल्या आल्या तिनं सारी पाकिटं जाळली. मी विचारलं, तं म्हणे, जागा अडते."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमाले सांगाचं म्हणजे तिले सोताचं नाव घ्या लागलं असतं."

म्हणजे तुमचा संशय पाकिटांवर होता. मग पहिला घास मला का? खरंच माझ्यावर पाळत होती? की शेजाऱ्यांना दाखवायचं होतं? की ती गरम भाकर हीच तुमची कबुली होती? हे शेवटचं मानायला मला आवडेल, म्हणूनच त्याचा मला सर्वांत जास्त संशय येतो.

त्या पाकिटांची तपासणी कुणी केली नाही. भुकटीनंच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझ्या हातून एखादी भलती अळंबी आली असेलही. पण माझी प्रत्येक मूठ तुम्ही उलटून पाहिली होती. तुमच्या नजरेतून ती सुटली असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

बाबांनी त्यानंतर सात्यांना हात लावलेला नाही. मघाशी बाहेरून विचारत होते, "कोणं निवडून राह्यलं?" शोभा म्हणाली, "वहिनी." बाबा "हूं" म्हणाले आणि पेपर तोंडापुढे धरला. इतक्या वर्षांनीही तेच हूं.

आज त्यांच्याशी बोलणार आहे. मला काय वाटतं ते सांगेन, आणि कशाची खात्री नाही तेही. पाकिटं कुणी नेली होती असं ते विचारतील. तुमचं नाव लपवणार नाही, आई. पण ती का नेली होती, तेही सांगेन: एवढीशी नाजूक भाजी वाटेत गळू नये, सगळ्यांना पुरावी म्हणून. एवढं सांगितल्याशिवाय त्यांच्यासमोरून उठणार नाही, हा शब्द देते.

तुमची सून,
मंदा